घरून मसाले विकते, आता 'प्रोफेशनल' कसं दिसायचं? दुकानदार आणि कंपनीवाले कागद मागतायत

भाजणी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत घरून गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठ भाजणी आणि उन्हाळ्यात लाल तिखट करून विकते. सुरुवात बिल्डिंगमधूनच झाली, मग नणंदेच्या ऑफिसात, मग त्या ऑफिसातल्यांच्या माहेरी सासरी असं करत करत आता ऑर्डरी बऱ्यापैकी येतात. आत्तापर्यंत सगळं व्हॉट्सॲपवर, पैसे माझ्या साध्या जीपेवर, माल झिपलॉकमध्ये आणि पिशवीवर मार्करने 'गोडा पाव किलो' लिहिलेलं. तक्रार कुणाचीच नाही.

पण मध्यंतरी ठाण्यातल्या एका दुकानदाराला नमुना दिला, त्याला चव आवडली, घरीही नेला, पण म्हणाला ताई हे असं काउंटरला नाही ठेवता येणार, उद्या फूडवाले आले तर मला धरतील. आणि त्यानंतर एका कंपनीच्या अ‍ॅडमिनमधून दिवाळीच्या बॉक्ससाठी विचारणा आली, त्यांनी व्हेंडर फॉर्म पाठवला, त्यात जीएसटी, पॅन, कॅन्सल चेक, उद्यम, फूड लायसन्स, ऑफिशियल ईमेल, वेबसाइट, ऑफिसचा पत्ता. मी तो फॉर्म बघितला, फोन पालथा ठेवला आणि भाकऱ्या करायला गेले.

आता घरात प्रत्येकाचं वेगळं. दीर म्हणतात नावापुढे 'फूड्स प्रायव्हेट लिमिटेड' लावून टाक, कोण बघतंय. अंधेरीचा व्हर्च्युअल ऑफिसचा पत्ता मिळतो महिन्याच्या भाड्याने, तो कार्डावर टाकायचा. भाचा फोन उचलून 'कस्टमर केअर' बोलायला तयार आहे. मुलीने कॅनव्हावर लोगो केलाय तो छान आहे पण त्यात एक चमचा, एक फुलपात्र, मोर आणि सूर्य असं सगळंच आहे.

मला विचारायचंय की खरंच आधी काय करायचं? घरचा पत्ता दिला की लोक कमी समजतात का? आणि खर्च किती? कारण एका एजंटने सगळ्या 'पॅकेज'चे साडेबारा हजार सांगितलेत.

---

कांडप_नाशिक

ताई, आधी त्या एजंटला नमस्कार करा आणि फोन ठेवा. मी नाशिकला हेच करतो, बायको मसाला बघते आणि मी कागद, पिशव्या, डंकावर जाणं वगैरे. आमचा एजंटवरचा खर्च शून्य आहे.

पहिलं फूड रजिस्ट्रेशन. लोक लायसन्स म्हणतात पण तुमच्या आमच्या साइजच्या धंद्याला रजिस्ट्रेशनच लागतं, लायसन्स त्याच्या वरच्या उलाढालीला. आम्ही काढलं तेव्हा मर्यादा वर्षाला १२ लाख होती आणि फी वर्षाला १०० रुपये, तुम्ही भरताना फॉसकॉसच्या, म्हणजे सरकारी फूड खात्याच्या (एफएसएसएआय) साइटवर आत्ताचं काय आहे ते बघून घ्या. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, काय बनवता ते, बास. १४ आकडी नंबर येतो, रजिस्ट्रेशनचा असेल तर २ ने सुरू होतो, मोठ्या लायसन्सचा १ ने. हे सांगतोय अशासाठी की दुकानदार हा नंबर साइटवर टाकून बघतो, त्याला तिथे तुमचं नाव, पत्ता, आणि चालू आहे की संपलंय ते दिसतं. तुम्हाला ठाण्याच्या काउंटरवर बसवणारी गोष्ट ही, तुमचा लोगो नाही.

आणि इथेच तुमच्या दिरांचा अंधेरीचा पत्ता बाद होतो. रजिस्ट्रेशन त्या जागेचं असतं जिथे माल बनतो. कार्डावर अंधेरी, पाकिटावर डोंबिवली, बँकेत तिसरंच, हे कंपनीच्या अकाउंट्सवाल्याने बघितलं की त्याला वाटतं हे लोक काहीतरी लपवतायत. घरून करता यात लपवण्यासारखं काही नाहीच की.

दुसरं उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ते पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होतं, १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी हेच आहे. सर्च केलं की वरती सरकारी दिसणाऱ्या खाजगी साइट्स येतात, अशोकस्तंभासारखं काहीतरी चित्र, तिरंग्याची पट्टी, आणि शेवटी दीड दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का तेवढं बघा. फॉर्ममध्ये धंद्याचा कोड विचारतात, मसाले दळणं कुटणं याचा १०७९५ आहे, तो निवडा, ट्रेडिंग निवडू नका, तुम्ही बनवता.

तिसरं शॉप ॲक्ट. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामाला माणसं नसतील किंवा मोजकीच असतील तर लायसन्स नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, फी अगदी किरकोळ आहे. ही पावती आणि उद्यम दाखवलं की बहुतेक बँका धंद्याच्या नावाने करंट अकाउंट उघडतात. आमचं तर जवळच्या सहकारी बँकेत उघडलं, मिनिमम बॅलन्सही कमी. करंट अकाउंट झालं की क्यूआर त्याच नावाचा येतो. स्कॅन केल्यावर माझं घरगुती नाव येण्याऐवजी मसाल्याचं नाव यायला लागलं तेव्हापासून नवीन गिऱ्हाईक "हे कुणाचं नाव आलंय, बरोबर आहे ना" असं विचारायचं थांबलं. गोष्ट एवढीशीच, पण पैसे पाठवताना माणूस थबकतो तो इथेच.

---

हिशेबवही

वरच्यांनी बरंच सांगितलंय, मी टॅक्सच्या ऑफिसात काम करते म्हणून तेवढंच सांगते.

प्रायव्हेट लिमिटेड अजिबात लावू नका. कंपनी नोंदवलेली नसताना ते शब्द वापरले तर कंपनी कायद्यात रोजच्या हिशेबाने दंड आहे, दिवसाला ५०० ते २००० रुपये. शिवाय व्हेंडर फॉर्म भरताना पहिल्याच चौकटीत सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर मागतील तेव्हा काय लिहिणार. तुम्ही प्रोप्रायटर आहात, म्हणजे धंदा आणि तुम्ही एकच, पॅन तुमचाच. फॉर्मवर 'प्रोप्रायटरशिप' लिहायचं, आपल्याकडे निम्मा बाजार प्रोप्रायटरशिपवरच चालतो, कुणी नाक मुरडत नाही.

जीएसटी. मालाच्या धंद्याला महाराष्ट्रात उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातच असेल तर नोंदणी सक्तीची नाही. कंपनीच्या फॉर्मवर 'नोंदणी नाही' असं लिहून द्यायचं, त्यांच्याकडे त्याचं छापील डिक्लरेशन असतं, ते मागा. पण एक गोम आहे, राज्याबाहेर माल विकला की उलाढाल कितीही असो नोंदणी लागते. म्हणजे बेंगळुरूच्या भाच्याला भेट पाठवली ते वेगळं आणि बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला बिल करून पाठवलं ते वेगळं. कंपनीचं ऑफिस ठाण्यात पण बॉक्स हैदराबादच्या ब्रँचला पाठवा असं दिवाळीत सर्रास होतं, ते आधी विचारून घ्या.

नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटीची ओळ टाकायची नाही. ० टक्के लिहूनही नाही. काही जणी दिसायला बरं म्हणून नेटवरून टॅक्स इन्व्हॉइसचा फॉरमॅट घेतात आणि त्यात ५ टक्के लावून मोकळ्या होतात, नोंदणी नसताना टॅक्स गोळा करणं हे भलतंच प्रकरण आहे. साधं बिल करा: तुमचं नाव पत्ता, बिल नंबर, तारीख, त्यांचं नाव, माल, वजन, दर, एकूण, बँक डिटेल्स. आणि फूड रजिस्ट्रेशनचा १४ आकडी नंबर, तो २०२२ पासून बिलावरही लागतो. बिल नंबर ०००१ पासून सुरू करायची लाज वाटत असेल तर वर्ष लावा पुढे, पण क्रम तोडू नका.

उद्यमचा अजून एक फायदा कुणी सांगत नाही. मोठ्या कंपन्या पैसे लटकवतात. तुम्ही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेल्या असाल आणि लेखी काही ठरलेलं नसेल तर त्यांनी १५ दिवसांत पैसे द्यायचे, लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यामुळे बिलाच्या तळाशी उद्यम नंबर छापा आणि खाली एक ओळ, पेमेंट किती दिवसांत ते. अ‍ॅडमिनवाला गोड बोलतो हो, पण पैसे अकाउंट्सवाला सोडतो आणि त्याला फक्त कागद दिसतो.

---

सरळसोट

एवढं सगळं? आमच्या काकू गेली कित्येक वर्षं लोणची विकतात, ना लेबल ना बिल, लोक घरी येऊन रांग लावतात. घरगुती म्हणूनच तर घेतात ना, उद्या पाकीट चकचकीत केलंत की लोक म्हणणार फॅक्टरीतलं आहे. मार्करने लिहिलेलंच बरं.

---

लेबलवाला_सातारा

@सरळसोट काकूंच्या दारात रांग लावणाऱ्याला काकू माहीत आहेत. ठाण्याच्या दुकानात पाकीट उचलणाऱ्याला ताई माहीत नाहीत, त्याला फक्त पाकीट दिसतंय.

मी छोट्या उद्योगांची लेबलं करून देतो. भाजणी ताई, तुमच्या मुलीचा लोगो ठेवा पण चमचा, फुलपात्र, मोर, सूर्य यातलं एकच ठेवा, बाकीचं पुसा. दोन इंचाच्या लेबलवर मोर कोंबडीसारखा दिसतो. नाव मोठं, मराठीत, काळ्या किंवा गडद अक्षरात. आता लेबलवर काय हवं ते सांगतो, कारण दुकानदार पाकीट उलटं करून मागची बाजू वाचतो.

पदार्थाचं नाव. घटक उतरत्या क्रमाने, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. गोड्या मसाल्यात धणे आधी येतील, मग खोबरं, तीळ, जिरं, आणि दगडफूल, नागकेशर, तमालपत्र वगैरे शेवटी. तीळ हा ॲलर्जीवाला पदार्थ समजतात बऱ्याच ठिकाणी, तो ठळक लिहिला तर उत्तमच. भाजणीत गहू असेल तर तो ॲलर्जीच्या ओळीत वेगळा लिहाच. हिरवा ठिपका चौकोनात. निव्वळ वजन. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं. एमआरपी सर्व करांसह, आणि त्याशेजारी ग्रॅमचा दर, २५० ग्रॅमचं पाकीट २०० रुपयांना असेल तर ०.८० रुपये प्रति ग्रॅम, हे गेल्या काही वर्षांत आलंय आणि घरगुती पाकिटांवर हमखास नसतं. बनवणाऱ्याचं नाव, पिन कोडसकट पूर्ण पत्ता. तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. फूड रजिस्ट्रेशनचा १४ आकडी नंबर एफएसएसएआयच्या लोगोसकट. घरचा पत्ता बघून गिऱ्हाईक बिचकत नाही, पत्ताच नसेल तर बिचकतं.

ईमेलचं म्हणाल तर स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, डॉट इन वर्षाला हजाराच्या आत येतं, त्यावर मेल चालू करा. वेबसाइट नंतर बघू, एक पानाची असली तरी चालते. मुलीच्या वाढदिवसाच्या तारखेवाला जीमेल पाकिटावर छापू नका एवढंच.

अजून एक, थर्मल प्रिंटरची लेबलं स्वस्त पडतात पण मसाल्याच्या तेलकट हाताने आणि उन्हात ती उडतात. दुकानात काचेजवळ ठेवलेलं पाकीट पंधरवड्यात कोरं झालेलं बघितलंय मी, तारीख गेली, एमआरपी गेली, आणि दुकानदार मग तेवढ्यावर परत पाठवतो. कायमचा मजकूर प्रेसमधून छापून घ्या, फक्त बॅच तारीख किंमत यासाठी जागा कोरी सोडा आणि तिथे न पुसणारा शिक्का. पाच हजार पाकिटं एकदम छापू नका, पत्ता बदलला की रद्दी.

नाव पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या साइटवर फुकट सर्च करा, मसाले क्लास ३० मध्ये येतात. 'आईच्या हातचे', 'घरची चव' असली नावं शेकड्याने निघतील. अर्जाची फी व्यक्तीला ऑनलाइन ४५०० आहे, ते सावकाश केलं तरी चालेल. अर्ज केल्यावर टीएम लावा, गोलातला आर मात्र सर्टिफिकेट हातात आल्यावरच, आधी लावायला कायद्याने मनाई आहे आणि सगळे लावतात.

---

बी_विंग_सेक्रेटरी

मी सोसायटीच्या बाजूने बोलतो, शिव्या घाला हवं तर. आमच्याकडे एक ताई मसाले करतात, त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही आणि दुसरे एक जण पार्सलचा धंदा करतात त्यांच्याबद्दल दर मीटिंगला भांडण. फरक एवढाच की ताई मिरच्या भाजायच्या दिवशी आदल्या रात्री ग्रुपवर टाकतात, उद्या ११ ते १ ठसका लागेल खिडक्या लावून घ्या, आणि कुटायला बाहेर डंकावर नेतात. दुसऱ्यांचे डिलिव्हरीवाले लिफ्ट अडवून उभे असतात.

कमिटीला एक लेखी अर्ज द्या, घरून छोटा उद्योग करते, बाहेरचे कामगार नाहीत, यंत्र नाही. उत्तर आलं तर फाइलला लावा. कुणी उद्या महापालिकेत तक्रार केली तर तो कागद कामाला येतो. आणि गेटवर बोर्ड लावण्याआधी विचारा, आमच्याकडे एकाने परस्पर लावला आणि त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

---

भाजणी_डोंबिवली

बापरे, एवढं कुणीच नव्हतं सांगितलं. दिरांना प्रायव्हेट लिमिटेडचा दंड वाचून दाखवला, ते सध्या पेपर वाचतायत.

दोन शंका. एक म्हणजे वजनाचा काटा, माझ्याकडे किचनमधला डिजिटल आहे ऑनलाइन घेतलेला, तो चालतो ना? आणि फोनचं काय करू, माझा नंबर सगळ्यांकडे आहे, डीपीला मुलांचा फोटो आहे, रात्री साडेअकराला "ताई मेतकूट आहे का" असे मेसेज येतात. भाच्याला बसवू का फोनवर?

---

कांडप_नाशिक

काटा: किचनचा चालत नाही. विक्रीसाठी वापरायचा काटा वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारलेला हवा, इलेक्ट्रॉनिक असेल तर दरवर्षी. काटे विकणारे परवानाधारक दुकानदारच ते करून आणून देतात, त्यांच्याकडूनच घ्या. किचनचा काटा ५ ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, शंभर पाकिटांत अर्धा किलो मसाला गेला की कमी पडला ते कळतही नाही. आणि पाकीटबंद माल विकणाऱ्याने त्याच खात्याकडे पॅकर म्हणूनही नोंद करायची असते, फी ५०० आहे. हे फार कमी घरगुती लोक करतात पण कंपनीचा ऑर्डर मोठा असेल तर करून ठेवा, मॉलवाले तर हमखास विचारतात.

फोन: दुसरं सिम घ्या, साधंसं, आणि त्यावर व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप टाका, ते फुकट आहे. जुन्या नंबरावरच करायला जाऊ नका, एक नंबर एका वेळी साध्या किंवा बिझनेस अशा एकाच ॲपवर चालतो आणि मग सासूबाईंचे सुप्रभातही दुकानात यायला लागतात. त्यात कॅटलॉग करा, फोटो खिडकीपाशी दिवसाउजेडी पांढऱ्या ताटावर काढा, मागे गॅस, सिंक, कॅलेंडर काही दिसू देऊ नका. वेळ टाका १० ते ७, त्यानंतर आपोआप जाणारा मेसेज ठेवा की उद्या सकाळी उत्तर देते. दर, पाव किलो अर्धा किलो, कुरिअर चार्ज, कधी पाठवणार, हे तयार उत्तर म्हणून सेव्ह करा म्हणजे दर वेळी एकच उत्तर जातं. आधी आमचं कसं होतं, मी १८० सांगायचो आणि बायको २००, आणि गिऱ्हाईक दोघांचे स्क्रीनशॉट पाठवायचं.

भाच्याला बसवू नका. तुमच्या मसाल्यात ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती हे त्याला माहीत नाही, लोक तेच विचारतात. तुम्हीच बोला, फक्त फोन उचलल्यावर 'हॅलो कोण' ऐवजी मसाल्याचं नाव घ्या. मागे मिक्सर चालू असेल तर उचलूच नका, पाच मिनिटांनी करा.

गुगलवरही टाका धंदा, तिथे पत्ता लपवून फक्त डिलिव्हरीचा भाग दाखवता येतो, म्हणजे कुणी दुपारी दीडला बेल वाजवत नाही. पाकिटावर मात्र पत्ता राहणारच, त्याला इलाज नाही.

---

हिशेबवही

एकच भर. कंपनीचा फॉर्म रिकामा ठेवून परत पाठवू नका. जे नाही तिथे 'लागू नाही' लिहा, आणि उद्यम, शॉप ॲक्टची पावती, फूड रजिस्ट्रेशन, पॅन आणि कॅन्सल चेक एकाच पीडीएफमध्ये ह्याच क्रमाने लावा, फाइलला धंद्याचं नाव द्या. कॅन्सल चेकवर छापलेलं नाव, उद्यमवरचं नाव आणि बिलावरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. एकीकडे 'मसाले', दुसरीकडे 'मसाला', तिसरीकडे 'मसाले उद्योग' असं असेल तर त्यांची सिस्टीम पेमेंट अडवते आणि मग महिनाभर मेल मेल खेळायचं. म्हणून नाव आधी पक्कं करा, सर्च करून, आणि मग पहिला फॉर्म भरा. दिवाळीची ऑर्डर असेल तर बँकेचं काम आधी सुरू करा, सगळ्यात जास्त वेळ तेच खातं.